काढणे आणि झाकणे : त्वचेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास

धोतर कमरेला घट्ट कसायचे आणि लुगड्याची गाठ सैल पडू द्यायची नाही, ही वऱ्हाडातली जुनी रीत आहे. वाशिम जिल्ह्यात निंदणाला, डवरणीला किंवा कापूस वेचायला दिवसभर वाकून राहावे लागते. अशा कष्टकरी माणसाला ही रीत सोयीचीही आहे, कारण वस्त्र घसरत नाही आणि हात मोकळे राहतात. पण तीस-चाळीस वर्षे कमरेच्या एकाच पट्ट्यावर तीच गाठ, तोच घाम आणि तीच धूळ घासत राहिली तर त्या कातडीचे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

२०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्ण-नोंदींच्या नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची, दुसरी साठी ओलांडलेली. पहिलीच्या कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्षापासून न भरणारी जखम होती आणि भोवतीच्या कातडीचा रंग उडाला होता. ती नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी परकर न घालता लुगडेच कसून नेसत असे, आणि तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्या जखमेतला छोटा तुकडा तपासला तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतल्या रसग्रंथीपर्यंत, म्हणजे गावाकडे जिला अवधाण म्हणतात तिथवर, पोचला होता.

ही बातमी अनेकांना नवी वाटली, पण रोग नवा नव्हता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला होता. भारतातील चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. त्यांतला एक प्रकार कमरेवरच्या त्वचेचा. त्याला ‘धोतराचा कर्करोग’ असे नाव पडले. पुढे मुंबईच्याच डॉक्टरांनी स्त्रियांमधल्या अशा रोगाला ‘साडीचा कर्करोग’ म्हटले.

धोतर किंवा लुगडे हे काही विष नव्हे. कोट्यवधी लोक ते आयुष्यभर नेसतात आणि त्यांतल्या अगदी थोड्यांना हा रोग होतो. मग होते काय? आपल्या कातडीचा वरचा थर सतत झिजतो आणि खालच्या पेशी विभागून तो पुन्हा भरून काढतात. एकच जागा वर्षानुवर्षे सोलवटत राहिली तर तिथे दुरुस्ती कधी थांबतच नाही. पेशी जितक्या जास्त वेळा विभागतात तितकी नक्कल चुकण्याची शक्यता वाढते. अशाच एखाद्या चुकीतून वाढीचा लगाम सुटलेली पेशी जन्माला येते. फ्रान्सचे शस्त्रवैद्य मार्जोलँ यांनी १८२८ साली जुन्या व्रणांवर उठणाऱ्या अशा फोडांचे वर्णन केले, म्हणून न भरणाऱ्या जुन्या जखमेतून उपजणाऱ्या कर्करोगाला आजही त्यांचे नाव जोडतात. भाजल्याच्या जुन्या डागावर, कुष्ठरोग्याच्या बधिर तळव्यावरच्या जखमेत, काश्मिरात पोटाशी कांगडी धरून शेकणाऱ्यांच्या कातडीवर तो याच वाटेने येतो. गोऱ्या कातडीच्या देशांत त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य कारण ऊन आहे. आपल्या कातडीतले काळे रंगद्रव्य आपल्याला त्यापासून बरेचसे वाचवते, पण घासण्यापासून आणि भाजण्यापासून ते वाचवू शकत नाही.

यावर उपाय कोणता? आजही पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कापून काढणे. हा उपाय ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात दोन अवघड कामे दडलेली आहेत. एक, रोग शिल्लक न ठेवता काढणे. दुसरे, काढल्यावर उरलेली उघडी जागा झाकणे. या दोन विद्या निरनिराळ्या वाटांनी वाढल्या आणि फार उशिरा एकत्र आल्या. दुसरीच्या इतिहासातला एक मोठा टप्पा तर आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

शेष ठेवू नये

पहिली विद्या फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाचा, म्हणजे शरीरात वाढणाऱ्या मांसल गाठीचा, विचार आहे. तिथला उपदेश असा की गाठीचा अंश मागे राहिला तर ती लवकरच पुन्हा उद्भवते, म्हणून ती निःशेष काढावी. उरलेला अंश ठिणगीसारखा घात करतो. अर्बुद म्हणजे नेमका आजचा कर्करोग असे आम्ही म्हणणार नाही. त्या शब्दात अनेक प्रकारच्या गाठी येतात. पण ‘उरले ते पुन्हा वाढते’ हे निरीक्षण बिनचूक आहे.

१७७५ साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधले. ही मुले मोठी झाली की त्यांच्या अंडकोशाच्या कातडीवर कर्करोग उठे. पॉट यांनी त्याचे कारण घड्यांमध्ये साचणारी काजळी हे सांगितले. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली स्पष्ट नोंद. उपाय म्हणून त्यांनी रोगट भाग लवकरात लवकर कापून काढावा असे लिहिले. रोग आत पसरल्यावर सुरीचा उपयोग होत नाही, हे त्यांनी पाहिले होते. खानोलकरांचे धोतर आणि पॉट यांची काजळी हे एकाच धड्याचे दोन भाग आहेत : माणसाची राहणी पाहिल्याशिवाय त्याच्या कातडीचा रोग कळत नाही.

पण ‘निःशेष’ म्हणजे नेमके कुठपर्यंत? डोळ्यांना दिसणारी कड ही रोगाची खरी कड नसते. शेतातल्या हराळीचे पाते वर दिसते त्याच्या पुढेही मुळी गेलेली असते, तसेच हे आहे. याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाने दिले. जर्मनीतील कार्ल टिर्श यांनी १८६५ साली त्वचेच्या कर्करोगावर ग्रंथ लिहून दाखवले की हा रोग कातडीच्या वरच्या आवरणातल्या पेशींपासूनच सुरू होतो आणि तिथून खाली शिरतो. त्या काळी तो खालच्या जोडऊतीतून उपजतो असे अनेक विद्वान मानत. रोगाचे मूळ कुठे आहे हे कळल्यावर तो किती दूर गेला हे शोधता येऊ लागले.

आज शस्त्रवैद्य दिसणाऱ्या रोगाभोवती चांगल्या कातडीची एक पट्टी धरून कापतात. साध्या, लहान रोगाला चार ते सहा मिलिमीटर पट्टी पुरते. मार्जोलँ यांच्या नावाच्या, जुन्या जखमेतल्या रोगाला सुमारे दोन सेंटिमीटर सोडावे लागतात. काढलेल्या तुकड्याच्या कडा नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कडेला एकही रोगट पेशी नसेल तरच काम पुरे झाले असे मानतात.

अमेरिकेतील फ्रेडरिक मोह्‌स यांनी १९३० च्या दशकात याहून काटेकोर रीत शोधली. जस्ताच्या क्लोराइडचा लेप लावला की ऊती जागच्या जागी पक्की होते आणि तिची रचना बिघडत नाही, हे विद्यार्थिदशेत प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आले होते. मग त्यांनी रोगाचा एकेक पातळ थर काढून त्याची खालची बाजू पूर्ण तपासायची आणि जिथे रोग उरला असेल तिथेच पुन्हा कापायचे, असा क्रम बसवला. १९४१ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. पुढे लेप गेला आणि ऊती गोठवून काप घेण्याची पद्धत आली, पण तत्त्व तेच राहिले. नाक, पापणी, कान अशा ठिकाणी, जिथे एकेक मिलिमीटर मोलाचा असतो, ही रीत फार उपयोगी आहे. मात्र आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी होते.

वर्तुळाचे गणित

आता एक सोपे गणित करू. एक सेंटिमीटर व्यासाचा डाग आहे. भोवती अर्धा सेंटिमीटर पट्टी धरली की कापायच्या वर्तुळाचा व्यास दोन सेंटिमीटर होतो. व्यास दुप्पट झाला, पण क्षेत्रफळ चौपट झाले : ०.७९ चौरस सेंटिमीटरऐवजी ३.१४. आता कमरेवरची तीन सेंटिमीटरची जुनी जखम घ्या. भोवती दोन सेंटिमीटर सोडले तर व्यास सात सेंटिमीटर होतो. सातच्या जागी साडेअडतीस चौरस सेंटिमीटर कातडी जाते.

शस्त्रवैद्याची खरी कोंडी इथे आहे. पोटावरची कातडी सैल असते, त्यामुळे लहान भोक ओढून शिवता येते. नाकाच्या शेंड्यावर एक सेंटिमीटरही ओढायला मिळत नाही. झाकता येणार नाही अशी जागा उघडी करायला हात धजत नाही. हात आखडला की रोग शिल्लक राहतो आणि तो परत येतो. म्हणून आम्हाला असे वाटते की या शस्त्रक्रियेच्या इतिहासात कापणाऱ्याइतकाच मान झाकणाऱ्याचाही आहे.

पुण्याजवळचा वीटकरी

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हिंदुस्थानातून आलेले एक पत्र छापले गेले. कावसजी नावाच्या मराठा शेतकऱ्याची ती हकिकत होती. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करी. टिपूच्या कैदेत सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या वीटकरी जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ही क्रिया पाहिलेले साक्षीदार होते. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्रही काढले. पत्रात रुग्णाचे नाव आहे, साक्षीदारांची आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याची फक्त जात आहे.

क्रिया अशी. आधी नाकाच्या खुंटावर मेणाचे पातळ पान बसवून नाकाचा आकार घ्यायचा. ते पान सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याच्या कडेने रेघ काढायची. शिंपी कापड बेततो तसेच हे. मग रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला एक अरुंद देठ तसाच ठेवायचा. खुंटाची जुनी कड खरवडून ताजी करायची, नाकपुड्यांच्या जागी आणि वरच्या ओठाच्या वर चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. वरून पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या पाच-सहा चिंध्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेल्या चिंध्या ठेवायच्या. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यात मऊ कापड घालायचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ कापायचा.

यातले प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकलेले आहे. देठ कशाला? पत्रातच कारण दिले आहे : नवी जागा धरेपर्यंत त्यातून रक्त खेळते राहते. आज आपल्याला माहीत आहे की भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक लहान धमनी कपाळावर चढते, आणि त्या एकट्या धमनीवर कपाळाची लांबलचक पट्टी जगू शकते. खालच्या बाजूने नव्या केशवाहिन्या जुळायला सुमारे तीन आठवडे लागतात. पंचविसावा दिवस हा अनुभवाने सापडलेला हिशेब होता.

सुश्रुतसंहितेतही नाक बसवण्याची रीत आहे. पण तिथे कातडी गालाची घेतात आणि माप झाडाच्या पानाने घेतात. पुण्याची रीत कपाळाची. कपाळाची कातडी जाडी आणि रंग या दोन्ही बाबतींत नाकाशी अधिक जुळते. म्हणजे ही विद्या पोथीत होती तशीच राहिली नव्हती. ज्यांच्या हातात ती होती त्यांनी ती पुढे नेली होती.

रोप आणि दाब कलम

इंग्लंडात जोसेफ कार्प्यू यांनी हे पत्र वाचले, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये पहिले असे नाक बसवले. तेव्हा भूल देण्याचे औषध नव्हते. ते १८४६ साली आले. कार्प्यू यांचे पुस्तक १८१६ साली निघाले, १८१८ साली जर्मनीत फॉन ग्रेफ यांचे, आणि ‘हिंदुस्थानी पद्धत’ हे नाव युरोपभर रूढ झाले.

दुसरा मार्ग १८६९ साली उघडला. पॅरिसमध्ये काम करणारे स्विस शस्त्रवैद्य रेव्हरदँ यांनी कातडीचे चिमूटभर तुकडे पूर्ण सुटे करून उघड्या जखमेवर ठेवले आणि ते रुजले. १८७४ साली कातडीचे मोठे, अतिशय पातळ पापुद्रे काढून जखम झाकण्याची रीत मांडली गेली. ती मांडणारे होते कार्ल टिर्श, ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी त्वचेच्या कर्करोगाचे मूळ दाखवले होते. रोगाची कड शोधणारा आणि उघडी जागा झाकणारा असे दोन्ही धागे इथे एकाच माणसाच्या हातात आलेले दिसतात.

या दोन रीतींतला फरक शेतकऱ्याच्या मुलांना चटकन समजेल. टिर्श यांचा पापुद्रा म्हणजे रोप. ते एका जागेतून उपटून दुसरीकडे लावायचे. खाली ओल, म्हणजे रक्त असलेली ऊती, असेल तरच ते जगते; उघड्या हाडावर किंवा कूर्चेवर ते रुजत नाही. वीटकऱ्याची रीत म्हणजे दाब कलम. फांदी झाडाला जोडलेलीच ठेवून वाकवायची, जमिनीत दाबायची आणि तिला मुळे फुटली की मूळ झाडापासून तोडायची. कमरेवरच्या मोठ्या जखमेला रोप पुरते. नाकाला दाब कलमच लागते, कारण तिथे जाडी हवी, आकार हवा आणि खाली बहुधा कूर्चा उघडी पडलेली असते.

नाक कापण्याच्या शिक्षा थांबल्या, पण ती शस्त्रक्रिया टिकली. आज जगभर नाकावरचा कर्करोग काढल्यानंतर मोठी जागा झाकायला कपाळाचीच कातडी वापरतात. मेणाच्या पानाऐवजी धातूचा पातळ पत्रा किंवा कागद आला, भूल आली, बारीक टाके आले. देठ मात्र आजही भुवईपाशीच ठेवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी कापतात.

मुंबईतून जगाकडे

महाराष्ट्राचे देणे इथेच संपले नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशिर अंतिया (१९२२–२००७) इंग्लंडात सर हॅरोल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आले होते. कुष्ठरोग्यांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. १९६७ साली त्यांनी आणि डॉ. बुच यांनी कानाची कड दुरुस्त करण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. कानाच्या बाहेरच्या वळलेल्या कडेचा तुकडा गेला तर काय करायचे? कडेच्या आतल्या पन्हळीतून पुढची कातडी आणि कूर्चा कापायची, मागची कातडी मात्र अखंड ठेवायची. त्या मागच्या कातडीतून रक्त येत राहते आणि दोन्ही बाजूंची कड सरकवून एकमेकींना जोडता येते. कान थोडा लहान होतो, पण त्याचा आकार कानाचाच राहतो.

उन्हाच्या माऱ्यात राहणाऱ्या गोऱ्या लोकांना कानाच्या कडेवर त्वचेचा कर्करोग नेहमी होतो. म्हणून अंतिया आणि बुच यांची ही रीत आज त्यांच्याच नावाने परदेशांत वापरली जाते. देठ तोडायचा नाही, रक्त तुटू द्यायचे नाही, हे पुण्याजवळच्या वीटकऱ्याचे तत्त्वच इथे नव्या जागी कामाला आले.

उशीर कुठे होतो?

म्हणजे दोन्ही विद्या आज हाताशी आहेत. तरी वर्ध्याच्या नोंदीतला आजार दीड-दोन वर्षे अंगावर राहिला. पॉट यांनी १७७५ साली सांगितलेले ‘लवकर’ अजून गावापर्यंत पोचलेले नाही. कमरेची जखम झाकलेल्या जागी असते, दाखवायला संकोच वाटतो आणि ‘नाडीने घासले असेल’ म्हणून वर हळद लावली जाते. बहुतेक वेळा खरोखर घासलेलेच असते. पण चार-सहा आठवड्यांत भरली नाही, तर ती तपासलीच पाहिजे. तपासणी म्हणजे जागा बधिर करून घेतलेला एक लहानसा तुकडा. रोग सेंटिमीटरभर असताना काढला तर चार टाक्यांत काम होते. ग्रंथीत गेल्यावर जांघही उघडावी लागते आणि तरी खात्री राहत नाही.

वाशिमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. पण घरातून दवाखान्यापर्यंतचे पहिले पाऊल कुणीतरी सुचवावे लागते. कारंजा, मानोरा, मंगरुळपीर, मालेगाव, रिसोड, कुठल्याही तालुक्यातल्या गावात ते काम शिक्षक आणि नववी-दहावीची मुले चांगले करू शकतात. आजीच्या कमरेवरचा रंग उडालेला, जाड झालेला पट्टा नातीला दिसतो. गाठीची जागा रोज थोडी वर-खाली करावी, घरी असताना नाडी सैल करावी, नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, एवढे सांगायला डॉक्टर लागत नाही. वेश बदलायला सांगण्याची तर मुळीच गरज नाही.

वर्गात हा पाठ असा घेता येईल. फळ्यावर वेगवेगळ्या व्यासांची वर्तुळे काढून भोवतीची पट्टी धरल्यावर क्षेत्रफळ किती पटीने वाढते ते मुलांकडून काढून घ्यावे. मग जुन्या वर्तमानपत्रावर चेहरा काढून नाकाच्या आकाराचे पान कपाळावर बेतावे, भुवयांमध्ये देठ ठेवून कापावे आणि अर्धा पीळ देऊन नाकावर आणावे. देठ फार रुंद ठेवला तर पीळ बसत नाही, आखूड ठेवला तर पान नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचत नाही. किती रुंद आणि किती लांब, हे कात्री हातात घेतलेल्या मुलांनाच ठरवू द्यावे.